पालीसोबत निघालेले तुफैली

आपल्या घरात भाडे न देता राहणाऱ्या जिवांची यादी केली, तर पहिले नाव पालीचे येईल. ट्यूबलाइटच्या मागे, भिंतीवरच्या घड्याळाआड, दाराच्या चौकटीत तिचे बिऱ्हाड असते. ती आपल्याला आवडत नाही, पण ती आहे हे आपण मान्य केलेले असते. या पालीच्याही घरात कोणी भाडे न देता राहत असेल का, हा विचार मात्र सहसा आपल्या मनात येत नाही.

असे जीव असतात. पालीच्या पंज्याला चिकटून काही राहतात, आतड्यात काही राहतात, आणि काही तर थेट तिच्या फुप्फुसात मुक्काम करतात. मराठीत आपण यांना परजीवी किंवा परोपजीवी म्हणतो. उर्दूत यासाठी अधिक बोलका शब्द आहे, ‘तुफैली’. कूफा शहरात तुफैल नावाचा एक इसम होता आणि तो आमंत्रण नसताना लग्नाच्या दावतींना जाऊन बसायचा, असे सांगितले जाते. त्याच्या नावावरून बिनबोलाव्या पाहुण्याला तुफैली म्हणू लागले. पुढे विज्ञानाने हाच शब्द दुसऱ्याच्या शरीरावर जगणाऱ्या जिवांसाठी उचलला.

या लेखात आम्ही अशाच काही तुफैलींची हकिकत सांगणार आहोत. पाल जहाजात बसून परदेशी गेली, तेव्हा तिच्यासोबत तेही गेले. तिथे त्यांनी काय केले, हे समजून घेतले तर आपल्या ओट्याखालचे झुरळ, मोरीतली घाण आणि सातासमुद्रापारचा एखादा बेडूक यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते कळते.

पाल परदेशी कशी गेली?

आपल्याकडे घरात दिसणाऱ्या पाली एकाच जातीच्या नसतात. त्यांपैकी एक जात जगभर ‘आशियाई घरपाल’ म्हणून ओळखली जाते. शास्त्रीय नाव हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस. दक्षिण आणि आग्नेय आशिया हे तिचे मूळ घर. रात्री ‘चुक-चुक’ आवाज करणारी, दिव्याजवळ दबा धरून किडे टिपणारी ही लहानशी पाल.

प्रवासासाठी ती अगदी सोयीची आहे. माणसाच्या सामानात ती सहज लपते. लाकडी खोका, फर्निचर, कापडाचे गठ्ठे, जहाजातले कंटेनर, कुठेही तिला फट पुरते. बरेच दिवस ती कमी खाण्यावर काढू शकते. तिची अंडी टणक कवचाची असतात. एका वेळी दोन अंडी घालून ती एखाद्या सांदीत ठेवते आणि निघून जाते. ती सांदी एखाद्या मालाच्या खोक्यातली असली, तर अंडी बंदर ओलांडून दुसऱ्या देशात फुटतात.

अशा रीतीने ही पाल प्रशांत महासागरातल्या बेटांवर, ऑस्ट्रेलियात, मध्य अमेरिकेत आणि इतर अनेक उष्ण प्रदेशांत पोचली. तिथे ती मूळची नसल्याने तिला ‘आक्रमक जात’ म्हणतात. आक्रमक म्हणजे ती अंगावर धावून येते असे नाही. बाहेरून येऊन वेगाने पसरणारी आणि स्थानिक जिवांना त्रासदायक ठरणारी जात, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या कोकणातल्या घरात हीच पाल इथलीच रहिवासी आहे. म्हणजे कोणताही जीव जन्मजात उपद्रवी नसतो. तो कुठे आहे आणि त्याला तिथे कोणी नेले, यावर ते ठरते.

फुप्फुसातला भाडेकरू

या पालीच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका परजीवीचे नाव आहे रॅलिएटिएला फ्रेनॅटा. नाव अवघड आहे. आपण त्याला या लेखापुरते ‘फुप्फुसकृमी’ म्हणू. दिसायला तो खरोखरच पांढरट, वळ्यावळ्यांचा कृमी दिसतो. मादी नरापेक्षा मोठी, साधारण एक सेंटीमीटरच्या आसपास. माणसाच्या मानाने हे काहीच नाही. पण पालीचे फुप्फुस केवढे असते याची कल्पना करा, म्हणजे हा भाडेकरू किती जागा अडवत असेल ते लक्षात येईल.

हा जीव ज्या गटातला आहे त्याला पेंटास्टोमिड म्हणतात. ग्रीक भाषेत याचा अर्थ पाच तोंडांचा. प्रत्यक्षात त्याला तोंड एकच असते. तोंडाच्या बाजूला चार आकडे असतात. जुन्या अभ्यासकांना ती पाच तोंडे वाटली आणि नाव पडून गेले. या आकड्यांनी तो फुप्फुसाला घट्ट धरून बसतो आणि रक्त पितो.

सर्वांत नवलाची गोष्ट पुढे आहे. हा प्राणी कृमीसारखा दिसत असला तरी तो कृमींच्या कुळातला नाही. त्याच्या शुक्रपेशींची रचना आणि नंतर त्याची जनुके तपासल्यावर शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या काही कवचधारी उवा. म्हणजे कोळंबी आणि खेकडा ज्या मोठ्या कुळात येतात, त्याच कुळातला हा एक भरकटलेला भाऊबंद. बाजारातून आणलेली कोळंबी आणि भिंतीवरच्या पालीच्या छातीत बसलेला हा जीव दूरचे का होईना, पण नातलग आहेत. दुसऱ्याच्या शरीरात राहता राहता याचे पाय गेले, डोळे गेले. आयते खाण्याची सवय लागली की काय काय गमवावे लागते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

झुरळाची दलाली

आता हा फुप्फुसकृमी एका पालीतून दुसऱ्या पालीत जातो कसा? पाली काही एकमेकींचे फुप्फुस खात नाहीत. मध्ये एक दलाल लागतो, आणि तो दलाल म्हणजे आपले घरचे झुरळ.

हा फेरा असा चालतो. मादी कृमी पालीच्या फुप्फुसात अंडी घालते. ती अंडी श्वासनलिकेतून वर घशात येतात. पाल ती गिळते. मग ती पोटातून, आतड्यातून जाऊन लेंडीबरोबर बाहेर पडतात. पालीची लेंडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. काळी, बारीक आणि एका टोकाला पांढरा ठिपका. तो पांढरा भाग म्हणजे तिची लघवी. सरपटणारे प्राणी पाणी वाचवण्यासाठी ती घट्ट स्वरूपात टाकतात. उंदराच्या लेंडीला असा पांढरा ठिपका नसतो. घरात कोणाची ये-जा आहे हे ओळखायची ही सोपी खूण आहे.

रात्री झुरळ फिरते आणि वाटेत मिळेल ते खाते, ही लेंडीसुद्धा. अंडी झुरळाच्या पोटात जातात, तिथे फुटतात आणि पिल्लू कृमी झुरळाच्या शरीरात वाढू लागतो. मग एखाद्या रात्री ट्यूबलाइटखाली पाल ते झुरळ पकडते. पिल्लू कृमी पालीच्या पोटातून वाट काढत फुप्फुसात पोचतो, कात टाकत मोठा होतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

म्हणजे हे सगळे नाटक आपल्या घराच्या भिंतींच्या आत घडते. रंगमंच आपला, दिवा आपला, झुरळांना मिळणारे खरकटेही आपलेच. आपण झोपलेले असतो, एवढेच.

डार्विन शहरात अडकलेला पाहुणा

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन नावाचे बंदर आहे. 1960 च्या दशकापर्यंत आशियाई घरपाल तिथे स्थिरावली होती. तिच्याबरोबर तिचा फुप्फुसकृमीही गेला. शहरात झुरळे होतीच. त्यामुळे पाल, लेंडी, झुरळ, पाल हा फेरा तिथेही चालू झाला.

पण तो फार पुढे सरकत नव्हता. कारण ही पाल माणसाच्या इमारतींना चिकटून राहते. भिंत आणि दिवा सोडून ती रानात सहसा दूर जात नाही. त्यामुळे तिचा कृमीही इमारतींच्या आसपासच अडकून पडला. जंगल समोर होते, पण तिथे जायला वाहन नव्हते.

ते वाहन पुढे माणसानेच पुरवले. 1935 साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागात उसाला लागणाऱ्या भुंगेऱ्यांचा नायनाट व्हावा म्हणून हवाई बेटांवरून शंभराच्या आसपास ‘केन टोड’ आणले गेले. हा मोठा, जाड कातडीचा, विषारी ग्रंथींचा बेडूक मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. त्याने उसाचे भुंगेरे काही संपवले नाहीत. पण त्याची स्वतःची संख्या अफाट वाढली. वर्षानुवर्षे पश्चिमेकडे सरकत 2005 च्या सुमारास तो डार्विनच्या परिसरात पोचला.

हा बेडूक जमिनीवर दिसेल ते खातो, आणि झुरळ त्याला आवडते. शहरातल्या दिव्यांखाली बसून तो झुरळे मटकावू लागला. सिडनी विद्यापीठातल्या क्रिस्टल केलेहेर, रिक शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बेडकांची फुप्फुसे तपासली, तेव्हा त्यांत पालीचा फुप्फुसकृमी सापडला. पुढे तिथल्या मूळच्या एका हिरव्या झाडबेडकातही तो आढळला.

2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनाचा मथितार्थ असा, की एका परक्या प्राण्याचा रखडलेला परजीवी दुसऱ्या परक्या प्राण्याच्या येण्याने पुन्हा चालू लागला. एकाला आशियातून माणसाच्या सामानाने आणले, दुसऱ्याला माणसाने स्वतः बोलावून आणले. या दोघांची गाठ पडली ती तिसऱ्याच्याच देशात. पाल इमारत सोडत नव्हती, पण बेडूक रानोमाळ हिंडतो, पाणथळ जागी जातो, स्थानिक बेडकांच्या शेजारी बसतो. तुफैलीला नवी दावत मिळाली.

पनामात उलटा न्याय

याच गोष्टीची दुसरी बाजू 2015 साली पुढे आली. केलेहेर आणि सहकाऱ्यांनी मध्य अमेरिकेतल्या पनामा देशात तपासणी केली. तिथे परिस्थिती उलटी आहे. केन टोड हा पनामाचा मूळ रहिवासी, त्याचे ते वाडवडिलांचे घर. पाल मात्र बाहेरून आलेली. आणि तिथल्या या मूळ रहिवासी बेडकाच्या फुप्फुसातही तोच बाहेरून आलेला कृमी सापडला.

ऑस्ट्रेलियात ज्या बेडकाला सगळे शत्रू म्हणून ओळखतात, तोच पनामात परक्या परजीवीचा बळी आहे. प्राणी तोच, कृमी तोच, फक्त नकाशावरची जागा बदलली. आम्ही मुलांना भूगोल शिकवताना नेहमी सांगतो, की जागा बदलली की संबंध बदलतात. हे त्याचे जिवंत उदाहरण आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. परजीवी सापडला म्हणजे यजमान मरतोच असे नाही. बहुतेक परजीवी यजमानाला जिवंत ठेवूनच जगतात. घर पाडून भाडेकरूला कुठे राहता येते? पिढ्यान् पिढ्या एकत्र राहिलेल्या यजमान आणि परजीवी यांच्यात एक प्रकारची तडजोड झालेली असते. ज्याची या पाहुण्याशी कधी ओळखच नव्हती, अशा यजमानाच्या बाबतीत तसा भरवसा देता येत नाही.

फ्लोरिडातले साप

ओळख नसली की काय होते, हे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात दिसले. तिथे पाळण्यासाठी आणलेले बर्मी अजगर सुटले किंवा सोडून दिले गेले आणि दलदलीच्या प्रदेशात त्यांची वसाहत झाली. त्यांच्याबरोबर आपल्या फुप्फुसकृमीचा एक चुलतभाऊ आला, रॅलिएटिएला ओरिएंटॅलिस. हा आशियातल्या सापांच्या फुप्फुसात राहतो.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा कृमी फ्लोरिडातल्या मूळच्या सापांत आढळल्याची नोंद झाली. नंतर तो अजगर जिथे पोचलेलेही नाहीत अशा उत्तरेकडच्या भागातही सापडला. पाहुणा मागे राहिला आणि त्याचा तुफैली पुढे निघून गेला. तिथल्या पिग्मी रॅटलस्नेक या छोट्या सापाच्या मृत शरीरांत हे कृमी मिळाले.

या प्रवासातही सरडे, पाली आणि बेडूक मधल्या पायरीचे काम करतात. कृमीची अंडी किड्याच्या पोटात, किडा बेडकाच्या किंवा सरड्याच्या पोटात आणि सरडा सापाच्या पोटात. फ्लोरिडात बाहेरून आलेले सरडे आणि पाली आधीच भरपूर आहेत. म्हणजे नव्या परजीवीला चढायला जिना तयारच होता.

अंगावरचे लाल ठिपके

सगळे परजीवी आत राहतात असे नाही. घरातल्या पालीकडे कधी नीट पाहिले, तर तिच्या बोटांच्या बेचक्यात किंवा पायाच्या सांध्याजवळ बारीक लालसर ठिपके दिसतात. तो तिचा रंग नसतो. ते गेकोबिया नावाचे सूक्ष्म किडे असतात. गोचीड ज्या कुळातली, त्याच कुळातले हे. ते फक्त पालींवर जगतात आणि आयुष्याचा बराचसा काळ एकाच जागी चिकटून काढतात.

ऑस्ट्रेलियात पसरणाऱ्या आशियाई घरपालीवर 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाल जिथे जुनी स्थायिक आहे तिथे परजीवी अधिक आणि ती जिथे नुकतीच पोचली आहे त्या सीमेवर ते फार कमी, असे त्यात दिसले. कारण समजायला सोपे आहे. नव्या गावात आधी दोन-चार पालीच पोचतात. त्यांच्यावर किडे नसले, तर पुढे जन्मणाऱ्या पिल्लांना ते कुठून लागणार? परजीवी मागून, गर्दी झाल्यावर येतात.

बाहेरून आलेला जीव नव्या देशात एवढा का फोफावतो, याचे एक उत्तर यात आहे. तो आपले जुने शत्रू आणि जुने रोग काही काळासाठी मागे टाकून आलेला असतो. स्थानिक जिवाच्या मागे मात्र त्याचे सगळे जुने देणेकरी असतातच. शर्यत सुरू होण्याआधीच एकाच्या पाठीवरचे ओझे उतरलेले असते.

पिंजऱ्यात उरलेल्या दोन जाती

या सगळ्यात नुकसान कोणाचे होते, हे पाहायचे तर हिंदी महासागरात जावाच्या दक्षिणेला असलेल्या ख्रिसमस बेटाकडे पाहावे. हे बेट ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीत आहे. तिथे लिस्टरची पाल आणि निळ्या शेपटीची सापसुरळी या दोन जाती होत्या. जगात दुसरीकडे कुठेही त्या नव्हत्या. बाहेरून आलेल्या शिकारी प्राण्यांमुळे, विशेषतः वुल्फ स्नेक या सापामुळे, त्या झपाट्याने कमी झाल्या. 2009 पासून उरलेल्यांना पकडून पिंजऱ्यात त्यांची पैदास सुरू केली, म्हणून त्या वाचल्या. रानातून मात्र त्या नाहीशा झाल्या.

आणि मग 2014 साली त्या पिंजऱ्यांतच रोग शिरला. प्राण्यांची डोकी सुजू लागली, चेहरे विद्रूप झाले, रोग आत अवयवांपर्यंत पसरून ते मरू लागले. तपासात एक नवाच जिवाणू सापडला. त्याचे नाव ठेवले एन्टेरोकोकस लॅसर्टिडेफॉर्मस. नावाचा अर्थच सरड्यांना विद्रूप करणारा. बेटावर मोकळ्या फिरणाऱ्या प्राण्यांची तपासणी झाली, तेव्हा तो बाहेरून आलेल्या पालींमध्ये आढळला, आणि त्यांत आपली आशियाई घरपालही होती. जिवाणू हा कृमी नव्हे, पण दुसऱ्याच्या शरीरावर जगण्याची रीत तीच.

विचार करा. एखाद्या जातीचे जगात उरलेले सगळे प्राणी काही पिंजऱ्यांत आहेत आणि त्या पिंजऱ्याच्या भिंतीवरून एक साधी घरपाल चालत जाते आहे. पुढे काही सापसुरळ्या 2019 साली कोकोस बेटसमूहातल्या एका छोट्या बेटावर सोडल्या गेल्या. त्यांचे जुने घर मात्र आजही त्यांच्यासाठी सुरक्षित राहिलेले नाही.

आपल्या घरात भीती कशाची बाळगावी?

हे वाचून घरातल्या भगिनींच्या मनात पहिला प्रश्न येईल, की आमच्या मुलांना यापासून धोका आहे का? याचे उत्तर नीट वाटणी करून दिले पाहिजे. भीती योग्य ठिकाणी ठेवली नाही, तर चुकीच्या ठिकाणी जाऊन बसते.

पाल विषारी नाही. तिच्या दातांत किंवा अंगात विष नसते. पाल अंगावर पडल्याने काही होत नाही. भिंतीवर पाल आहे म्हणून आपल्या फुप्फुसात तिचे कृमी शिरत नाहीत. माणसात पालीच्या अशा कृमींची पिल्ले सापडल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. त्यांपैकी व्हिएतनाममधल्या नोंदी औषध म्हणून जिवंत पाल गिळणाऱ्या लोकांच्या आहेत. तसे कोणी करणार नसेल, तर त्या कृमीची काळजी सोडून द्यावी.

मग अन्नात पाल पडली तर ते फेकून का द्यायचे? कारण तिच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. ते विष्ठेतून अन्नात गेले, तर उलट्या, जुलाब आणि ताप येतो. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायका यांना त्याचा अधिक त्रास होतो. आजार होतो तो घाणीमुळे, विषामुळे नव्हे. हा फरक कळला, की उपायही कळतो.

खरी भीती बाळगावी ती एका वेगळ्याच सवयीची. घोरपडीचे मांस, काळीज किंवा रक्त कच्चे घेतले की ताकद येते, दमा किंवा कंबरदुखी जाते, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. घोरपड हीसुद्धा पाल-सरड्यांच्याच मोठ्या कुळातली. तिच्या शरीरात उंदराच्या फुप्फुसकृमीची पिल्ले असू शकतात. हा कृमी वेगळा, नाव अँजिओस्ट्राँगायलस. तो उंदराच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहतो. उंदराच्या विष्ठेतून तो गोगलगाईत जातो. गोगलगाय खाणाऱ्या प्राण्याच्या मांसात तो टिकून राहतो. माणसाने असे मांस कच्चे खाल्ले, तर ती पिल्ले थेट मेंदूच्या आवरणाकडे जातात. असह्य डोकेदुखी, मान आखडणे, अंगाला मुंग्या येणे अशी लक्षणे दिसतात. थायलंडमध्ये आणि आपल्या देशात केरळात घोरपडीचे कच्चे मांस खाल्ल्यानंतर असे रुग्ण आढळले आहेत.

या कृमीला मदत करणारी मोठी आफ्रिकी गोगलगायही आपल्याकडे बाहेरूनच आली. 1847 साली विल्यम बेन्सन या इंग्रज गृहस्थाने ती मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या एका बागेत सोडली. आज पावसाळ्यात मुंबईतल्या बागांमध्येही ती शेकड्याने दिसते. मुलांना ती उघड्या हातांनी उचलू देऊ नये, आणि अंगणातला पाला, भाजी नीट धुऊनच वापरावी.

घोरपड पकडणे किंवा मारणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. म्हणून कोणी जडीबुटीवाला घोरपडीचे काळीज घेऊन दारात आला, तर त्याला परत पाठवावे. हा दवा नव्हे.

करायचे काय?

उपाय साधे आहेत, आणि ते पालीपासून नव्हे तर झुरळापासून सुरू होतात.

रात्रीचे जेवण झाले की दस्तरखान झटकून, ओटा पुसून, खरकटी भांडी रात्रीच घासून ठेवावीत. सहरीच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघर चालू असते, तेव्हा हे अधिक कटाक्षाने करावे. मोरीच्या जाळीला बारीक छिद्रांची झाकणे लावावीत. सिंकखालची गळती दुरुस्त करावी, कारण झुरळाला अन्नाइतकीच ओल लागते. झुरळ कमी झाले की पालीचे भक्ष्य कमी होते आणि पालीही आपोआप कमी होतात. पाल मारून झुरळ तसेच ठेवले, तर आठवडाभरात दुसरी पाल त्या जागी येते.

दूध, सालन, पीठ, पाण्याचा माठ हे सगळे झाकून ठेवावे. चुलीच्या किंवा ओट्याच्या थेट वर दिवा असेल, तर तो शक्य असल्यास बाजूला घ्यावा. दिव्याकडे किडे येतात, किड्यांकडे पाल येते आणि पालीखाली आपले पातेले असते. पालीची लेंडी कोरडी झाडू नये. ओल्या कागदाने उचलावी, जागा साबणाच्या पाण्याने पुसावी आणि हात धुवावेत.

नोकरीनिमित्त आखातात, आफ्रिकेत किंवा आणखी दूर राहणारे आपले आप्त सुट्टी संपवून परत जातात, तेव्हा घरून खोके भरून सामान नेतात. त्यांनी खोका बांधण्यापूर्वी तो एकदा उलटा करून झटकावा. कोपऱ्यात वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी चिकटलेली दिसली, तर ती काढून टाकावीत. तसेच, परदेशातून आणलेला शोभेचा सरडा, साप किंवा कासव कंटाळा आला म्हणून नाल्यात किंवा माळावर सोडून देऊ नये. फ्लोरिडातल्या सापांची दुर्दशा अशा सोडून दिलेल्या आणि सुटलेल्या पाळीव प्राण्यांपासूनच सुरू झाली.

पालीने जहाज निवडले नव्हते आणि कृमीने पाल सोडून दुसरा रस्ता शोधला नव्हता. ती वाट माणसाच्या सामानाने, माणसाच्या दिव्यांनी आणि माणसाच्या घाईने तयार केली. खोका तपासून बांधणे आणि झोपण्यापूर्वी ओटा पुसून ठेवणे ही दोन्ही कामे पाच मिनिटांची आहेत. ती आपल्या हातातली आहेत, म्हणून आपण ती करू या, आणि मुलांना ती कशासाठी करायची हेही सांगू या.